शहाण्णव वेली, दोन सह्या

तासगावच्या गाडीने खोकं आलं की माझा बेदाण्याचा हंगाम सुरू होतो, मग भिंतीवरचं कॅलेंडर काही का म्हणेना. साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टर ते खोकं खाली देतो आणि हटकून विचारतो, "मॅडम, दगडं भरल्यात काय ह्यात?" मी हसते, खोकं काखोटीला मारते आणि खोलीवर येऊन आधी चिकटपट्टी फाडते. वास पहिला येतो. गोड, किंचित गंधकाचा, आणि त्याच्या मागे आमच्या बेदाणा वाळवायच्या शेडवरच्या तापलेल्या जाळीचा. मूठभर बेदाणे तोंडात टाकून मी खिडकीत उभी राहते. समोर अजिंक्यतारा उन्हाने पांढरा पडलेला असतो आणि मी मात्र पस्तीस-चाळीस कोस लांब, आमच्या मळ्यात पोचलेली असते.

असे हंगाम चोवीस पाहिले असतील. पण बेदाण्याचा वास आला की आठवतो तो एकच, प्रबंधाचा.

आधी सांगायला हवं की मी काय शिकत होते, कारण हे सांगण्यात माझी चार वर्षं गेली आहेत. रेणुजीवशास्त्र. पेशीच्या आत कुठलं जनुक कुठे बसलंय आणि काय उद्योग करतंय, ते हुडकायचं शास्त्र. साताऱ्याचं आमचं कॉलेज आणि जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीकाठचं एक विद्यापीठ, या दोघांनी मिळून चालवलेला अभ्यासक्रम. पहिली दोन वर्षं इथे, पुढचं दीड वर्ष तिकडे, आणि शेवटची सहामाही प्रबंधाला, जिथे तुमचं काम असेल तिथे. सगळं नीट पार पडलं तर दोन देशांच्या दोन पदव्या. गावात हे कुणाला पटेना. चुलते म्हणाले, "दोन डिग्र्या? एक हारवली तर दुसरी, आसं हाय व्हय?" मावशीने तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "पहिली नापास झाली म्हणून दुसरी काढली न्हवं?" आई म्हणाली, "न्हाई. पोरगी हावरट हाय."

हावरट होतेच मी. कॉलेजला पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या विहिरीच्या काठाला एक काळी वेल आहे. कुणी लावली ठाऊक नाही, फळं आंबटढाण, पाखरंसुद्धा तोंड वाकडं करून खातात. पण डावणी नावाचा रोग, ज्याने पानावर पांढरी लव येते आणि बघता बघता बागच्या बाग बसते, तो त्या वेलीला कधी शिवला नाही. मी प्रयोगशाळेतला चिमटा घरी आणला, आमच्या नेहमीच्या द्राक्षाच्या फुलांतले पुंकेसर उपटून काढले आणि काळ्या वेलीचे परागकण वर चोपडले. बापू, म्हणजे माझे वडील, बांधावर बसून बघत होते. सैन्यात बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस. शेतातही त्यांचं सगळं कवायतीसारखं. "काय चाललंय हे?" मी म्हटलं, "लग्न लावतीया, बापू." म्हणाले, "वरमाई कोण?"

त्या लग्नाची पोरं म्हणजे बियांपासून आलेली शहाण्णव रोपं. शहाण्णवच का, तर डीएनए तपासायची जी प्लेट असते, तळहाताएवढी प्लास्टिकची पाटी, तिला बरोबर शहाण्णव खड्डे असतात: आठ ओळी, ओळीत बारा. मी सहज बोलून गेले आणि बापूंनी खरोखर विहिरीशेजारी आठ ओळी आखून ओळीत बारा रोपं लावली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, खिळ्याने आकडे ठोकून, प्रत्येक वेलीला बिल्ला बांधला. विहिरीकडून एक, तिथून मोजत बारा. मी जर्मनीत असताना पावसाळ्यात डावणी आली तेव्हा हा माणूस वहीत लिहीत हिंडला: तिसरी ओळ, पाच नंबर, रोग हाय, सहा नंबर, न्हाई. वहीच्या पानांचे फोटो मला यायचे आणि मी तिकडच्या थंडगार खोलीत बसून बापूंचं हस्ताक्षर वाचत रडायचे, हे कबूल केलेलं बरं.

तिकडे जाताना आईने दोन पिशव्या बेदाणा दिला होता. मी म्हटलं, आई, वजन होतंय. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जायाचं न्हाई कुणाच्यात. आन् रिकाम्या हातानं यायाचं बी न्हाई." आमच्या तिकडच्या मार्गदर्शक बाई, फ्राउ केलर, उंच, केस कापलेल्या, बोलणं मोजूनमापून. त्यांनी एक बेदाणा घेतला, चावला, डोळे मिटले आणि बाकीचे डब्यात भरून कपाटाला कुलूप लावलं. त्या दिवसापासून मला त्या आवडल्या. मात्र त्यांच्यापुढे "साधारण", "बहुतेक", "बघू" हे आपले नेहमीचे शब्द चालत नसत. किती? कशावरून? पुन्हा करून बघितलं का? एवढंच विचारायच्या, पण घाम फुटायचा.

प्रबंधाचा विषय सोपा होता. काळ्या वेलीतल्या रोग न येऊ देणाऱ्या जनुकाची एक खूण असते. निम्म्या पोरांत ती उतरणार, निम्म्यांत नाही. मी पानांतून डीएनए काढून खूण शोधायची आणि बापूंच्या वहीशी ताडून बघायची. जिथे खूण, तिथे रोग नसायला हवा. हे जुळलं तर पुढे नवं रोप कोवळं असतानाच सांगता येईल की ठेवा किंवा उपटा. वर्षानुवर्षं वाट बघायला नको. प्रबंधावर सह्या दोन लागणार होत्या, साताऱ्याच्या सबनीस मॅडमची आणि फ्राउ केलरची, एकाच कागदावर. एक अडली की दुसरीचा उपयोग शून्य, आणि पदव्या दोन्ही गेल्या. नियमच तसा होता.

फेब्रुवारीत मी आईला घेऊन पानं तोडली. ती पुढे, मी प्लेट घेऊन मागे. ती कोवळं पान खुडायची, मी तुकडा पाडून खड्ड्यात टाकायची. शेडवर माणसं खोळंबलेली, त्यामुळे आईच्या पायाला भिंगरी. तासाभरात शहाण्णव झाली. प्लेट बर्फात घालून मी दुपारच्या गाडीने सातारा गाठलं. कराडपर्यंत उभी होते, पण डबा कुणाला धरू दिला नाही.

आणि निकाल आला तो धड ना इकडचा, धड ना तिकडचा. चारातल्या तीन वेली जुळत होत्या, एक हुकत होती. सगळंच चुकलं असतं तर म्हटलं असतं, खूणच खोटी. सगळं जुळलं असतं तर पेढे. हे म्हणजे लग्नाला होकार पण मुलगा पसंत नाही, तशातली गत. सबनीस मॅडम वाईच्या, आवाज कधी चढायचा नाही. त्या दोन दिवस माझ्याबरोबर आकडे बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "वैजयंता, हातून कुठे तरी घोळ झालाय. पण कुठे, ते तुलाच सापडणार." फ्राउ केलर संगणकाच्या पडद्यावरून म्हणाल्या की असा निकाल म्हणजे खूण भरवशाची नाही, तसं लिहायचं असेल तर लिही, पण हा प्रबंध पदवीला पुरेल असं मी आज म्हणू शकत नाही. पुन्हा सगळं करावं म्हटलं तर रसायनं संपलेली, जेमतेम पंधरा-वीस नमुन्यांची उरलेली. मागवलेली यायला दीड महिना. प्रबंध द्यायला पाच आठवडे. आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे खरडछाटणी, म्हणजे वेलीवर पानच राहत नाही.

त्या आठवड्यात मला सगळ्यांचा राग यायचा. काळ्या वेलीचा, जर्मनीचा, शिरवळच्या कंपनीत लागून पगार घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा, आणि सगळ्यात जास्त माझा. शनिवारी तोंड पाडून घरी आले. आईने हातात कात्री दिली आणि म्हणाली, "माल उतरायचाय. चल."

सकाळची वेळ. मधमाश्यांची नुसती गर्दी. बेदाण्याचा माल तोडायचा म्हणजे घड पिकून पिवळे झालेले, हाताला चिकट, कोपरापर्यंत गोड. जतकडून आलेल्या कानडी बायका तोडायला होत्या, त्यांत एक नवी सून होती, गौरव्वा नावाची. आम्ही पहिल्या ओळीने तोडत तोडत टोकाला पोचलो. आई वळली आणि तिथूनच दुसऱ्या ओळीला लागली, मीही तिच्यामागे. गौरव्वा मात्र बादली घेऊन मोकळ्या वाटेने मागे निघाली, जिथून पहिली ओळ सुरू केली होती तिथे.

आई ओरडली, "आगं ए बाई! रिकामी कुठं माघारी निघालीस? टोकाला आलीस न्हवं, हितनंच धर की फुडची ओळ!"

माझ्या हातातला घड खाली पडला. शप्पथ सांगते, पडला. आई म्हणाली, "झालं! ही यडी झाली."

पहिली ओळ विहिरीकडून. दुसरी टोकाकडून. तिसरी विहिरीकडून. चौथी टोकाकडून. आम्ही बागेत असंच चालतो. आई, आईची आई, मी शाळेत असल्यापासून. रिकामं माघारी चालायचं नाही. पानं तोडतानाही तसंच चाललो होतो! प्रत्येक सम ओळीत बारा नंबरची वेल पहिल्या खड्ड्यात बसली होती, आणि वहीत मात्र बापूंच्या सगळ्या ओळी विहिरीकडूनच होत्या. बारा, अकरा, दहा असे उलटे आकडे नाकासमोरच्या पत्र्यांवरून गेले आणि मी एकदाही मान वर केली नाही. मला वाटत होतं, ओळीत काय बघायचंय? जर्मनीत दीड वर्ष नमुन्यावर नाव, नावावर तारीख, तारखेवर सही असं शिकलेली मी, घरच्या बागेत पाय ठेवला की आईची पोरगी झाले होते.

मी बापूंना हाका मारत शेडकडे पळाले. बेदाण्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, खडूने आठ ओळी आखल्या. मोबाईलवर माझा निकाल, बापूंच्या हातात वही. "बापू, सम ओळी उलट्या वाचा, बारापासनं." त्यांनी चष्मा लावला आणि परेडला हजेरी घ्यावी तसा आवाज काढला. "दुसरी ओळ! बारा नंबर, रोग न्हाई!" माझ्याकडे खूण होती. बरोबर. "अकरा, रोग हाय!" खूण नाही. बरोबर. "दहा!" बरोबर. बायका काम टाकून गोळा झाल्या. कुणाला काही कळत नव्हतं, पण मी बरोबर म्हटलं की गौरव्वा टाळी द्यायची. आठवी ओळ तर बापूंनी उभं राहून वाचली. शहाण्णवातल्या दोनच हुकल्या. जिवंत वस्तूत दोन हुकायच्याच, तेवढं शास्त्रच सांगतं. मी पुठ्ठा डोक्यावर धरून शेडभर नाचले. आई म्हणाली, "आता माल कोण उतरणार?"

पण थांबा. एवढ्यावर कुणी सही देत नाही, आणि फ्राउ केलर तर नाहीच. सगळं सांगून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे निकाल जुळत नव्हता, आणि तू तो जुळेपर्यंत फिरवलास. बाहेरून हे असं दिसतं." मला झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्याच क्षणाला कळलं की बाई बरोबर बोलतायत. मी खरं बोलतेय हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, गौरव्वालाही माहीत होतं. कागदाला कसं माहीत असणार?

मी म्हटलं, "तुम्हीच निवडा. सम ओळींतल्या कुठल्याही बारा वेली. पानं मी तोडणार नाही, सबनीस मॅडम येऊन तोडतील, बिल्ला बघून. बाटल्यांवर फक्त त्यांची खूण असेल. कुठली वेल ते न कळता मी तपासते. चुकलं तर तुम्ही म्हणाल ते लिहीन."

त्यांनी तिथेच वही ओढून बारा आकडे लिहून काढले. मग त्या म्हणाल्या, "हे आवडलं."

अडचण एकच. मॅडमच्या परीक्षांचं काम संपायला एप्रिलचे दहा-बारा दिवस जाणार होते, आणि तोवर छाटणी. बापूंना सांगितलं, तर म्हणाले, "आठ ओळी मागं ठेवतो. हुकूम हाय." सगळ्या शिवारात वेली बोडक्या झाल्या, नुसती खोडं आणि तारा. आणि मधोमध आमच्या आठ ओळी हिरव्यागार. येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. "हवालदार, इसरला काय रं गड्या?" बापू म्हणायचे, "पोरीचा पेपर हाय त्यो. लिहून व्हायचाय." छाटणी लांबली की पुढच्या मालाला मार बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मॅडम एसटीने आल्या. सुती साडी, डोक्याला रुमाल, हातात बर्फाचा डबा. मला बागेच्या जवळही फिरकू दिलं नाही. मी शेडवर बेदाणे निवडत बसले आणि चांगल्यातच काड्या टाकत राहिले. बागेत मॅडमबरोबर आई होती. नंतर मॅडमनीच हसत सांगितलं, दुसऱ्या ओळीतलं पान घेऊन त्या चौथीसाठी विहिरीकडे वळल्या तर आईने दंड धरला. "आवं मॅडम, माघारी कशाला? हितनं जवळ पडतंय." मॅडम म्हणाल्या, "वैजयंताच्या आई, आज बिल्ला बघून जाऊया. तुमच्या पायांनी एकदा पुरे रामायण घडवलंय." आणि दोघी तिथेच, दुसऱ्या ओळीत, पोट धरून हसल्या.

बारा बाटल्या. साताऱ्यात दोन दिवस. निकाल लिहून पाकीट मॅडमकडे दिलं, त्यांनी फ्राउ केलरच्या यादीशी ताडलं. आम्ही तिघी पडद्याच्या अल्याड-पल्याड. मॅडम एकेक वाचत होत्या, फ्राउ केलर एकेक खूण करत होत्या. दहा झाल्या. अकरा झाल्या. बारावीला मॅडमनी कागद जवळ घेतला, मला वाटतं मुद्दाम, आणि मग म्हणाल्या, "बरोबर." फ्राउ केलरनी पेन खाली ठेवलं, उठल्या, कपाटाचं कुलूप उघडलं आणि डब्यातले तळाचे चार बेदाणे काढून तोंडात टाकले. "आता लिही," त्या म्हणाल्या. "आणि ती उलटी ओळ लपवू नकोस. पहिल्या पानावर घे."

त्याच संध्याकाळी बापूंना फोन केला. पलीकडून फक्त कात्रीचा आवाज आला, कचकच. छाटणी सुरू झाली होती.

जूनमध्ये तोंडी परीक्षा तिकडे. पुन्हा दोन पिशव्या बेदाणा, या वेळी वजनाची तक्रार मी केली नाही. सभागृहात सहा परीक्षक. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "पण मला एक सांगा, दुसऱ्या ओळीला तुम्ही परत सुरुवातीला का गेला नाहीत? आमच्याकडे सगळे जातात." मला खूप शास्त्रीय काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आमच्याकडे रिकाम्या हाताने माघारी येत नाहीत." ते हसले. मग सगळेच हसले. आणि मग त्या कागदावर दुसरी सही पडली, शेजारी शेजारी, एक देवनागरी वळणाची, एक काटकोनी. मी बाहेर येऊन नदीकाठच्या कट्ट्यावर बसले आणि एकटीच मोठ्याने म्हणाले, "जिंकलो की गं आई!" शेजारचा कुत्रेवाला माणूस दचकला.

आज साताऱ्याच्या प्रयोगशाळेत नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी सबनीस मॅडम त्याला प्लेटचा कागद देतात आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बाण काढायला लावतात, कुठून कुठे चाललात ते. त्या बाणाला पोरं "मावशीचा बाण" म्हणतात. मावशी म्हणजे माझी आई, हे त्यांना माहीत नाही. मी सांगते, पण वेळ असला तर.

परत आले तेव्हा तासगावच्या स्टँडवर बापू इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि आई तशीच मळ्यातून, नखांत माती. तिने दोन्ही कागद हातात घेतले. एक वाचता येईना, दुसरा वाचला, आणि दोन्ही पदराखाली धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. मी चाचरत म्हटलं, "आई, आता काय करू कळंना गं. पुढचं शिकायला तिकडं बोलावत्यात. मॅडम म्हणत्यात हितंच काम कर, त्या वेलीवर. शिरवळची कंपनी हाय. सगळं पहिल्यापासनं ठरवाय पायजे."

"पहिल्यापासनं कशाला?" आई म्हणाली. "टोकाला आलीस न्हवं? हितनंच धर फुडची ओळ."